गळ्यातली टेप

ट्रायल रूमच्या आरशासमोर मान वाकडी करून थोरलीने दोऱ्याचं टोक खेचलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मानेवर लोंबणाऱ्या चामखिळींतली सगळ्यात मोठी तिने कॉलर शिवायच्या पक्क्या दोऱ्याने बांधली होती. वाळेल, गळून पडेल, मग बाकीच्याही अशाच, आणि पुढच्या मापाच्या टेबलावर परत आपलंच राज्य.

पडद्यापलीकडून धाकट्या जावेचा आवाज आला. "हात सैल सोडा हं. श्वास कशाला कोंडताय, मी काही वजन करत नाहीये!" गिऱ्हाईक खिदळलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

शिवणाचं दुकान सासूचं. लग्न होऊन आल्यापासून मापं घ्यायची ती थोरलीनेच. बाई दारातून आत आली की खांदा किती उतरता ते तिला नजरेनेच कळायचं. पण परवा ती माप घ्यायला वाकली आणि एका गिऱ्हाइकाने तिच्या मानेकडे बघून अंग चोरलं. "हे लागतं का हो कुणाला?" सासूने ऐकलं. झालं! थोरली मागे काजं करायला, धाकटी पुढे.

आणि धाकटीची मान? इस्त्री फिरवलेल्या कापडासारखी. वर नखरा असा, की मापाची टेप गळ्यात घालायची नाही, एप्रनच्या खिशात ठेवायची. "राणीसाहेबांच्या गळ्याला रुतते," थोरली मशीनवरच्या कारागिराला म्हणायची. स्वतःची टेप मात्र मागे बसूनही गळ्यातून काढत नव्हती. हक्क होता तो. थोरली वाईट नव्हती. कुणाला वाटत असेल तर त्याने समोर येऊन बोलावं.

चामखीळ काही गळली नाही. काळीनिळी झाली, सुजली, ठणकायला लागली. धाकटीनेच तिची कॉलर बाजूला करून बघितलं.

"ताई, हे काय करून ठेवलंत? चला डॉक्टरकडे."

"मला शिकवू नकोस. टेबल मिळालंय ना, बस तिथे."

"टेबल गेलं खड्ड्यात. चपला घाला."

डॉक्टरीणबाईंनी दोरा कापला, जखम धुतली. "मान म्हणजे काय शर्टाचं बटण आहे, दोरा गुंडाळायला? हातावर खरखरीत येते ती चामखीळ वेगळी, ती पसरते. ही मऊ, देठावर लोंबणारी. कुणाला लागत नाही, कॅन्सरबिन्सर नाही. त्रास नसेल तर राहू द्यायची. नकोच असेल तर जागा बधिर करून मी कापते, नाहीतर जाळते. पण एखादीचा रंग बदलला, ती भराभर वाढली, तर लगेच दाखवायचं. वजन वाढलं, रक्तात साखर वाढली की येतात अशा, म्हणून साखर तपासून घ्या. घासूनही येतात. मानेला सारखं काय घासतं तुमच्या?"

थोरलीचा हात टेपेवर गेला.

सूज उतरल्यावर सगळ्या चामखिळी काढून घेतल्या. सासूची समजूत धाकटीनेच घातली आणि टेबल परत मिळालं. तरी थोरलीची जळफळ थांबेना. उपकार करून मोठी झाली ना ती! आता टेप खिशात ठेवावी तर तिची नक्कल होणार, म्हणून थोरलीने ती मनगटाला गुंडाळली.

धाकटीची आई मुक्कामाला आली, तेव्हा चहा पिता पिता थोरलीजवळ बोलून गेली. लग्नाआधी धाकटी दुसऱ्या दुकानात मापं घ्यायची आणि तिच्या मानेवर चामखिळींची माळच होती. याच डॉक्टरीणबाईंनी काढल्या आणि टेप खिशात ठेवायला सांगितलं. सासरी कळू नये म्हणून तिने आईला शपथ घातली होती.