पंधरा जोड्या

"ही समिती हाय का लग्नाची यादी?"

सरांनी माझी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली. वर्ग खदखदून हसला.

जामखेड तालुक्यातली शाळा. दहावीचा वर्ग. धडा संभाव्यतेचा. गणित साधं होतं. तीन पुरुष, तीन स्त्रिया. त्यांतून दोघांची स्वच्छता समिती करायची, तर किती वेगवेगळ्या जोड्या होतील? मी लिहिलं, तीन. पहिला पुरुष, पहिली स्त्री. दुसरा, दुसरी. तिसरा, तिसरी. संपलं.

"तीनच कशा गं?"

मी उभी राहिले. खरं तेच सांगितलं. "सर, जोडी ठरलेली असती. नवरा-बायको मिळून एक कोयता."

ऊसतोडीत माणसं अशीच मोजतात. जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. सातवीपर्यंत दर हंगामाला मी आईबापाबरोबर फडावर जायचे. माणसं मोजायला तिथंच शिकले. दुसरी जोडी माझ्या डोक्यात आलीच नाही.

सर म्हणाले, "कोयत्याच्या बाहेर डोकं चालंल तर ना. तुम्हा लोकांना गणित कशाला लागतंय?" मग वर्गाकडे वळले. "हिची पास व्हायची संभाव्यता किती? लिहा. शून्य."

माझ्या शेजारी एका बागायतदाराची मुलगी बसायची. तिनं खरंच लिहिलं. आधी माझं नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग शून्य. छान वळणदार अक्षरात. ती मुलगी वाईट नव्हती. सरांनी सांगितलं म्हणून लिहिलं. त्याचाच मला जास्त राग आला.

त्या शून्यात माझं काय अडकलं होतं, ते वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. फडावर जाताना बापानं बजावलं होतं, पास झालीस तर शीक, नापास झालीस तर लग्न. मुलगा बघून ठेवलेला. त्यालाही पुढच्या हंगामाला जोडी हवी होती. मी तेव्हा सोळाची.

घरी आले. कुलूप काढलं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, गल्लीत म्हातारी माणसं तेवढी उरलेली. शेजारी चुलतीकडे जेवायचे, पण तिला काय सांगणार? भिंतीला टेकून रडले. गप्प बस म्हणणारंही कुणी नव्हतं, म्हणून बराच वेळ रडले.

दिवेलागणीला आईचा फोन आला. ती नेवाशाकडच्या फडावर होती. वर्गातलं मी काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "आई, तुमच्या टोळीत माणसं किती?"

"बारा कोयते."

"माणसं किती?"

तिला मोजावं लागलं. "चोवीस व्हत्याल की."

"मुकादमाच्या वहीत तुझं नाव हाय का?"

"माझं कशाला, बाई? कोयता तुझ्या बापाच्या नावावर हाय."

फोन ठेवला आणि मला लाज वाटली. सर हसले त्याची नाही. आई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. आणि मुकादमासारखंच मीही तिला वेगळं मोजलं नव्हतं. वही काढली. तीन पुरुषांना नावं दिली, तीन बायकांना दिली. एकीला आईचं. आईची जोडी बापाशी लावली, मग परक्या पुरुषाशी, मग दुसऱ्या बाईशी. दोन बायकांचीही समिती होते. एकूण पंधरा जोड्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी न विचारता फळ्याकडे गेले. पंधराही लिहिल्या.

"कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"कुणी न्हाई. एकेक माणूस मोजलं. सर, कालचं शून्य खोडायला सांगा."

"अगं, गंमत केली."

"मला गंमत वाटली न्हाई. जे होऊच शकत न्हाई, त्याला शून्य म्हणतात. मी परीक्षेला बसणार हाय."

टाळ्या पडल्या नाहीत. सरांनी फळा पुसला आणि पुढचं गणित घेतलं. शेजारच्या मुलीनं दप्तर उचललं, पुढच्या बाकावर गेली. परीक्षेपर्यंत त्या बाकावर मी एकटीच बसले. डबाही एकटीनंच खाल्ला.

त्या संध्याकाळी मीच बापाला फोन लावला.

"दादा, मी लग्न करनार न्हाई."

"नापास झालीस तर?"

"तरी न्हाई. परत बसन."

"मग काय झाल्यावर करशील?"

"ते मी ठरवीन."

त्यांनी फोन कापला. हंगाम संपून घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. आई चोरून फोन करायची. मी दार लावून अभ्यास करत राहिले. फार एकटी होते. पण शब्द मागे घेतला नाही.

हे ऐकून लोक लगेच विचारतात, मग पास झालीस का? मी सांगत नाही. पास झाले म्हणून मला नाही म्हणायचा हक्क मिळाला, असं मी कुणालाही म्हणू देणार नाही.