सोळा कोरांचा ताप

माझ्या पोराची आय गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. ती होती तवर पोरगा आन सून पुण्याचं नाव काढत नव्हते. ती गेली आन ह्या उन्हाळ्यात विषय निघाला.

पोरगा कॉम्प्युटरवर गेम खेळतो आन खेळताना लोकांना दाखवतो. लोक बघत बसतात, त्यावर त्याचं चालतं. आय त्याला म्हणायची, "गोळ्या घालून पोट भरतंय व्हय रं तुझं?" सून लग्नाचे व्हिडिओ कापून, जोडून, गाणी लावून देते. धरणाच्या काठानं नवरा-नवरी हात धरून फिरतात, तसले. दोघांचं काम एकाच मशीनवर, आन ती मशीन पार थकली होती. म्हणून त्यांनी तिच्यात नवा प्रोसेसर बसवला. मशीनचं डोकं म्हणा की. दिसायला बिस्किटाएवढं.

पोरगा म्हणाला, "दादा, हा आपल्या वरच्या पत्र्याच्या खोलीतल्या उकाड्यात टिकला तर इथंच, माकणीत राहू. न्हाय टिकला तर पुण्यात खोली बघतो. तुम्ही बी चला."

मी जाणार न्हाय हे त्याला ठावं होतं. तिथं तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसून मरायची मला हौस न्हाय. पण इथं रिकाम्या घरात एकट्यानं चूल पेटवायचीबी मला भीती वाटत होती. ते मी कुणाला बोललो न्हाय.

"सोळा कोर हायत ह्याला," पोरगा डबा उघडताना म्हणाला होता. आमच्याकडं कोर म्हंजी मोडलेल्या भाकरीचा चवथा तुकडा. मी म्हटलं, "म्हंजी चार भाकरी झाल्या."

सून हसली. "मामा, सोळा गडी समजा. एकाच वेळी सोळा कामं करतेत."

"एवढ्याशा जागेत सोळा गडी? घामानं मरतील."

"तेच तर बघायचंय," ती म्हणाली.

परीक्षा भर दुपारी घ्यायची हे तिनंच ठरवलं. सकाळच्या गारव्यात कोणबी पळतं, म्हणाली. पोरगा मोठा गेम लावणार, तिचा लग्नाचा मोठा व्हिडिओ त्याच वेळी तयार होत राहणार, आन दोन्ही अडलं न्हाय पायजे. मशीनचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं. पत्रा वरून तडतडत होता.

थोड्या वेळानं पोराला फोनवर दुकानदाराशी बोलताना ऐकलं, "कूलर कमी पडतोय हो." मी उठलो. खाली आमचा पाण्याचा कूलर हाय, गवताच्या जाळ्यांचा. त्यात बादलीभर पाणी ओतलं, जिन्यावरनं एक-एक पायरी ओढत वर आणला आन मशीनच्या उघड्या बाजूला तोंड करून चालू केला. गार वाऱ्याबरोबर बारीक तुषार उडाले.

"दादा, बंद करा!" पोरगा ओरडला. सुनेनं आधी मशीनचं बटण दाबलं आन पदर आडवा धरून मधी उभी राहिली. "मामा, कूलर म्हंजी प्रोसेसरवरचा पंखा. हा न्हाय."

"मग पंखा म्हणायचं की. कूलर म्हणल्यावर माणूस कूलरच आणणार."

कुणी हसलं न्हाय. आत चार-दोन थेंब दिसत होते. सून कोरड्या फडक्यानं टिपत होती, पोरगा मोबाईलच्या उजेडात वाकून बघत होता. मी दारात उभा. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागलाय तेच माझ्या हातनं बिघडलं असंल, तर आता कुणाला काय सांगू? ह्याची आय असती तर आधी मला शिव्या घालून मोकळी झाली असती, आन मलाबी बरं वाटलं असतं.

सगळं वाळू दिलं. मग सुनेनं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला, राहिला, आन उजळला. मी खाली बसलो.

परीक्षा पुन्हा सुरू झाली. पोराचं डोकं गेममधी. सुनेला नवरीच्या घरनं फोन आला, खोलीत गेमचा आवाज म्हणून ती अंगणात गेली. बाजूच्या जुन्या पडद्यावर प्रोसेसर किती तापलाय त्याचा आकडा येत होता. पोरगा मान न वळवता म्हणाला, "दादा, मला बघता येत न्हाय. नव्वदच्या वर गेला की हाक मारा."

लातूरच्या दवाखान्यात ह्याच्या आयच्या उशाला असाच एक पडदा होता. तिथं आकडा खाली जाऊ ने म्हणून बसलो होतो, इथं वर जाऊ ने म्हणून. ऐंशीच्या पुढं तो हळूहळू सरकत होता. एक वाढायचा, दोन वाढायचे, एक कमी व्हायचा. मी मनात म्हणत होतो, थांब की रं बाबा. नव्वद झाला. मग एक्याण्णव.

पोराला दिसत न्हाय. सून खाली हाय. गप बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? त्र्याण्णव. दवाखान्यात मी लगेच हाक मारली होती. पळत आले सगळे, तरी उपयोग झाला न्हाय, पण मारली होती.

"गेला वर," मी म्हटलं.

पोरानं हात काढले. गेम अडखळायलाच लागला होता. त्यानं वळून आकडा बघितला. मग म्हणाला, "गप बसला असता तर जायचं पुढं ढकललं असतं की दादा."

"आन ते जळल्यावर?"

सून वर येत होती, तिनं ऐकलं. "जळत न्हाय मामा. लई तापलं की ते आपसूक हळू होतंय. पण मग माझा व्हिडिओ येळेवर जात न्हाय." ती खुर्चीत बसली. "अहो, सरका. ह्याला पायजे तेवढी वीज खायची मोकळीक दिलेली दिसतीय. थोडी आवळून बघू."

"मग पळंल कसा?" पोरगा चिडला. "हळूच चालवायचा तर एवढा भारी आणला कशाला?"

"बघू तर द्या."

तिनं मशीन बंद करून चालू केली, कसलीशी निळी पानं उघडली, दोन-तीन जागी बदल केला. पुन्हा गेम, पुन्हा तोच व्हिडिओ. ह्या वेळी तिघंबी आकड्याकडंच बघत होतो, पोरगाबी डोळ्याच्या कोपऱ्यातनं. ऐंशीच्या आत आला. तिथंच खालवर करत राहिला. पत्रा तापलेलाच होता, माझ्या पाठीवरनं घाम वाहत होता, पण तो आकडा काही नव्वदीला गेला न्हाय.

व्हिडिओ पूर्ण झाला. सुनेनं घड्याळ बघितलं. "थोडाच उशीर. चालतंय मला." मग नवऱ्याला विचारलं, "आन तुमचं?"

पोरगा खेळतच होता. "फरक कळंना," तो म्हणाला, जरा नाराजीनंच.

मी विचारलं, "मग राहायचं का जायचं? सरळ बोल."

त्यानं सुनेकडं बघितलं. तिनं पडद्याकडं. "दिवाळीपर्यंत राहू," तो म्हणाला. "दिवाळीला बघू."

दिवाळीपर्यंत तर दिवाळीपर्यंत. मी कूलर उचलायला गेलो, तर पोरगा उठला आन दुसऱ्या बाजूनं त्यानं धरला. जिन्यावर पाणी हिंदकळून दोघांच्या पायावर सांडलं. "सांभाळून, दादा," तो म्हणाला. मी म्हटलं, "तू सांभाळ. मी पुढं हाय."