कमी व्होल्टेजचा खोका

एकोडीच्या सेवकरामला बेंजो चांगला वाजवता यायचा, असं मी कधीच म्हणणार नाही. दोनदा बोट चुकायचं, तिसऱ्यांदा बरोबर पडायचं. पण गड्याकडे खोका होता. १९७६ साली नागपूरच्या एका रिटायर होणाऱ्या रेल्वे ड्रायव्हरनं आपला गिटारचा ॲम्प्लिफायर त्याला विकला. स्पीकर आणि मशीन एकाच लाकडी डब्यात, आत काचेचे वॉल्व्ह. ते तापेपर्यंत सेवकराम निवांत पान लावायचा. मग तार छेडली की असा जाडाभरडा, गुरगुरता सूर निघायचा, की भजन ऐकायला साकोलीहून लोक सायकली मारत यायचे.

ती गुरगुर कुठली, हे गावात फक्त मला ठाऊक होतं. मी तिथला लाइनमन. एका जुन्या ट्रान्सफॉर्मरवर अख्खं गाव आणि सगळे पंप लटकलेले, त्यामुळे व्होल्टेज बारा महिने बसलेलं. अर्धपोटी खोका गुरगुरणार नाही तर काय करणार? मी बोललो नाही. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?

१९८४ला नवा ट्रान्सफॉर्मर आला. पंपाच्या मोटारी जळून जळून टेकीला आलेल्या शेतकरी सुखरामनं त्यासाठी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. नारळ फुटला, सेवकरामनंही पेढा खाल्ला. पुढच्याच भजनात खोका स्वच्छ, बारीक आवाजात बोलला आणि एकूण एक चूक ऐकू आली.

"हात गेला सेवकरामचा, बुढा झाला," लोक म्हणाले. वाईट हे की त्यालाही ते पटलं.

"बेंजोले हात नाही लावून राहिले," त्याची बायको पुष्पाबाई मला म्हणाली. "पवनीवाल्यायसंगचा भजनाचा सामना झाला का खोका इकतो म्हनतेत."

मला राहवेना. सुखरामला सगळं सांगून टाकलं.

"मंग आंधी काहून नाही सांगतलं?" तो माझ्यावरच खेकसला.

पौषात, भर दुपारी सामना झाला. पवनीची मंडळी झकास गायली. सेवकरामनं मान खाली घालून सुरुवात केली, तीच बारीक किणकिण. मला तिथं बसवेना. तेवढ्यात मांडवातला पंखा मंदावला, बल्ब पिवळा पडला आणि खोका गुरगुरला. सेवकरामनं मान वर केली. लोक सरसावून बसले.

मी मात्र फॉल्ट समजून शेतातल्या ट्रान्सफॉर्मरकडे धावलो. धान कापून महिना झालेला, आणि धानाच्या रिकाम्या बांध्यांत, त्या वाफ्यांत, सात पंपांचं पाणी धो धो पडत होतं. सुखराम शेताच्या कडेला धुऱ्यावर बसला होता.

"नवी मोटर जळंल तुही," मी म्हणालो.

"जळू दे. वाजवू दे त्याले."

नियमानं मी पंप बंद करायला हवे होते. मी चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी बसलो.