चाक पोचलं, जावई मागून

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला, पण माझ्या मोटारीचं एक चाक माझ्याआधी सासुरवाडीला पोचलं होतं! हसा, हसा. फक्त चहा सांडू नका म्हणजे झालं.

निजामाचं राज्य जाऊन चार-सहा वर्षं झाली होती. नळदुर्गात माझं कापडाचं दुकान, आणि हैदराबादेकडं निघालेल्या एका जहागीरदाराकडून घेतलेली जुनी मोटार. सडकेवर झकास चालायची. पण माझी सासुरवाडी अणदूरपासून आत तीन कोस. तिकडं सडक कुठली? बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, बस्स!

माझी मोटार त्यांच्यापेक्षा चार बोटं अरुंद. एक चाक चाकोरीत, तर दुसरं उंचवट्यावर! संक्रांतीला बायकोला माहेरी सोडायला गेलो, तर तिचं डोकं सात वेळा टपाला आपटलं आणि मांडीवरचं दह्याचं गाडगं नव्या इरकलीवर उलटलं. उतरताना ती एवढंच म्हणाली, "आता येईन तर बैलगाडीनं. ह्या डबड्यात पुन्यांदा पाय ठेवनार न्हाय." महिना उलटला तरी बाईंचा पत्ता नाही.

तिच्यावाचून घर खायला उठलं होतं, खरंच सांगतो. गिऱ्हाइकानं खण मागितला की मी धोतरजोडी काढायचो. डोळ्यांसमोर एकच चित्र. दोन्ही बाजूंना शाळू डुलतोय, मोटार तरंगत चाललीय, ही शेजारी पदर सावरत बसलीय, आणि आम्ही नळदुर्गच्या वेशीतून आत शिरतोय. अख्खं गाव बघतंय!

अशाच तंद्रीत असताना दुकानासमोरून एक बैलगाडी गेली. गाडीवान गाढ झोपलेला, कासरा सैल. अन् गाडी आपली चालली होती सुखात! मला वाटलं, आपली मोटार चार बोटं रुंद केली तर? तीही अशीच चाकोरीतून जाईल की!

गेलो आमच्या फिटरकडं, करीमचाचांकडं. म्हटलं, प्रत्येक चाकाच्या आत दोन बोटं जाडीची लोखंडी चकती घाला, म्हणजे चारी चाकं तेवढी बाहेर येतील.

चाचांनी चकत्या कातून दिल्या, पण बसवताना त्यांचं तोंड कडू झालं. "सेठ, बोल्ट छोटे पडरे. नट दोइच चूड़ी पे बैठरा. सोलापूरसे लंबे बोल्ट मंगाते, आठ रोज रुको." म्हणजे नट बोल्टच्या जेमतेम दोन आट्यांवर अडकलेला.

"आठ दिवस? चाचा, मी सोमवारी येतो म्हणून पत्र टाकलंय!"

"बेरिंग पे बोजा आता. हँडल भारी होता."

"होऊ द्या."

"चिक्कल पूरा उड़के अंग पे आता!"

"उन्हाळ्याच्या तोंडावर कुठला चिखल, चाचा?"

चाचांनी कपाळाला हात लावला. माझं लक्ष होतं कुठं? मी मनानं केव्हाच वेशीतून आत शिरलो होतो.

पत्रात काय लिहिलं होतं माहितीय? 'मोटार अशी केलीय, की पोटातलं पाणी हलणार नाही. हललं तर मी स्वतः तुला बैलगाडीनं आणीन.' शहाणपणा बघा!

सोमवारी निघालो. अणदूरपर्यंत हँडल म्हणजे नुसतं जातं, वळवता वळवता खांदे भरून आले. पण सडक सोडली, चाकं चाकोरीत उतरली, आणि काय सांगू! एक धक्का नाही. मधला उंचवटा मोटारीच्या पोटाला गुदगुल्या करत होता, शाळूची कणसं खिडकीतून आत डोकावत होती. मी हळूच एक हात सोडला. मग दुसरा. मोटार आपली आपण चाललेली! हाताची घडी घातली, पापण्या जड झाल्या. शेजारी ही बसलीय, तिच्या बांगड्या वाजतायत...

सासुरवाडीचा उतार लागला, तसं माझ्या पुढं चाकोरीतून एक चाक पळताना दिसलं. एकटंच! मला खरोखर वाईट वाटलं. म्हटलं, कुणाचं बरं निखळलं असेल? बिचारा!

तेवढ्यात मोटार डावीकडं बसली आणि कण्हत थांबली. तो बिचारा मीच होतो!

पुढचं मला मेव्हण्यानं सांगितलं. सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. चाक चाकोरीतून सरळ अंगणात शिरलं, एक गिरकी घेतली आणि त्यांच्या पायाशी आडवं झालं. सासरे म्हणाले, "जावाय लई रीतीचे. आगोदर सांगावा धाडला."

मी मागून धावत पोचलो तो धुळीनं माखलेला. दारात ही उभी. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मात्र हसत होते. चाकाकडं बघून म्हणाली, "ह्ये मिळालं. बाकीची मोटार कवा येनार हाय?"

पत्र तिच्याच हातात होतं. मोटार उतारावरच सोडून बैलगाडी जुंपून घेतली.

आणि खरं सांगू? दिवस मावळायच्या आत आम्ही नळदुर्गच्या वेशीत शिरलो, तेव्हा सगळं माझ्या चित्रासारखंच होतं. ही शेजारी पदर सावरत बसलेली, अख्खं गाव बघतंय. फक्त बोल्ट येईपर्यंत चोरीला जाऊ नये म्हणून सोबत आणलेलं चाक तेवढं माझ्या मांडीवर.

करीमचाचा धावत पुढं आले. "बहू, कैसी चली मोटार?"

"लई झाक, चाचा!" ती म्हणाली. "पोटातलं पानी हललं न्हाय. बैलं बी दमली न्हाईत."

सगळी वेस हसली, आणि मी मांडीवरच्या चाकाआड तोंड लपवलं.