हो म्हणणारी चिमणी

आमच्या वहिनीला सुरकुती खपत नाही. लाँड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करते आणि घरी आली की माझ्या ओढणीकडे असं बघते, की मीच मुकाट्याने नीट करते. नणंद असून!

लेकीच्या बाबतीतही तेच. चिमणीला कमी ऐकू येतं. कानात मशीन आहे, तरी समोरच्याचे ओठ दिसले तरच अर्धंमुर्धं कळतं. चारचौघांत पोर वेगळी दिसायला नको म्हणून वहिनीने तिला पढवून ठेवलं, "कुणी काही विचारलं की हसायचं आणि हो म्हणायचं." पोर गुणाची. शिकली.

शाळेने फक्त चिमणीसाठी वेगळा आराखडा केला होता. तिला काय जमतं, कुठे अडतं, शाळेने काय करायचं, सगळं त्यात. पहिला बाक, बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, रोज एक तास खास शिक्षिका. वर्ष संपताना तो तपासायची बैठक होती. दादाला सुट्टी नाही, म्हणून वहिनी आणि चिमणीबरोबर मी गेले.

वर्गशिक्षिका खुशीत. "हिला सगळं समजतं हो! कधीही विचारा. पुढच्या वर्षी खास तास बंद करूया."

"बघ गं, पोरीने नाव काढलं," मी वहिनीला कोपर मारलं. पण तिचा चेहरा पांढराफटक.

तिने पर्सने तोंड झाकलं आणि विचारलं, "चिमणे, तुला शेपूट आहे?"

चिमणी गोड हसली. "हो."

मला हसू फुटलं, मग लक्षात आलं, पोरीला प्रश्न कळलाच नव्हता.

"हे मी शिकवलंय," वहिनी म्हणाली. "तिचा तास काढू नका, बाई."

खास शिक्षिकांनी आराखडा पुढे ओढला. "तास राहील. पण आराखड्यातलं पहिलं ध्येय बदलू. भाषा, गणित मागाहून. आधी हिला 'नाही समजलं' म्हणता आलं पाहिजे. घरी ते तुम्ही शिकवायचं."

"मला जमेल?"

"शिकवण्यात तुझा हात कोण धरणार!" मी म्हटलं. वहिनीने डोळे वटारले, पण त्यात दम नव्हता.

मग ती चिमणीसमोर खाली बसली, तोंड नीट दिसेल अशी. "नाही कळलं तर नाही म्हणायचं. आई रागावणार नाही."

खास शिक्षिका खिडकीकडे वळून काहीतरी बोलल्या. चिमणी हसली. हसता हसता थांबली. आईकडे बघत राहिली.

"नाही समजलं," ती म्हणाली, इतकं हळू, की ऐकायला आम्हा सगळ्यांनाच पुढे वाकावं लागलं.