मागणं ऐकणाऱ्या वृंदाताई

वृंदाताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. कोथरूडला त्यांच्या थेरपी केंद्राच्या फाटकासमोर मी रोज बाइक लावून उभा असायचो, कारण समोरच्या क्लासला मला आवडणारी सई यायची. कॉलेज अर्धवट सोडलेलं, डोकं कायम तापलेलं. एक दिवस ताई बाहेर आल्या.

"अहो, गाडी काढता का?"

"रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?"

"नाही. पण तासन्‌तास वाट बघायची एवढी सवय असेल, तर आत या. आमच्याकडे तेच काम असतं."

तावातावाने आत गेलो, तो अजून तिथेच आहे, आता ताईंच्या हाताखाली.

ऑटिझम असलेल्या मुलांना वर्तनोपचारातून शिकवणाऱ्या ताईंनी मला पहिला शब्द दिला तो रीइन्फोर्सर. जे मिळालं की मुलाला तीच गोष्ट पुन्हा करावीशी वाटते, ते. मला वाटलं, म्हणजे चॉकलेट! तेव्हा पाच वर्षांचा वेद नवा आला होता. बोलत नसे. त्याच्या आईचं एकच म्हणणं, "त्याला काय हवंय, एवढं तरी त्यानं सांगावं हो." मी चॉकलेट पुढे केलं, त्यानं भिरकावलं. पुन्हा केलं, पुन्हा भिरकावलं. मी भडकलो. "ह्याला काही आवडतच नाही!"

"चॉकलेट तुला आवडतं," ताई म्हणाल्या. "त्याला काय आवडतं, ते बघितलंस का?"

सत्तरी ओलांडलेल्या ताई सतरंजीवर बसल्या आणि सैल करायला म्हणून त्यांनी गुडघ्याच्या पट्ट्याचं वेलक्रो ओढलं. चर्र! वेद खुदकन हसला. ताईंनी पट्टा लावला, पुन्हा ओढला. मग पुन्हा लावून, हात त्यावर तसाच ठेवून थांबल्या. मी "उघड म्हण" असं सुचवणार, म्हणजे आमच्या भाषेत प्रॉम्प्ट देणार, तोच त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. वेदनं त्यांच्याकडे पाहिलं.

"उघ."

त्याच क्षणी चर्र! दारातून आई ओरडलीच, "मागितलं! अहो, मागितलं त्यानं!" त्या दिवशी ताईंच्या गुडघ्यावर पट्टा काही टिकला नाही.

सईला मी रोज द्यायचो त्या गुलाबांचीही ताईंनी अशीच चौकशी केली. "सईनं मागितलेत का?" मी जाऊन सईलाच विचारलं, तुला काय हवंय? "जरा कमी मेसेज," ती म्हणाली. कमी केले. फार जड गेलं. पण हल्ली कधीकधी तिचाच फोन येतो!

वेद आता "नको"सुद्धा म्हणतो, मलाच जास्त. मी तोंड पाडलं की ताई म्हणतात, "अरे, तेही सांगणंच आहे. ऐक."

ताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. अशी कितीतरी मुलं अजून यायची आहेत, आणि ती बोलेपर्यंत थांबणारं माणूस समोर हवं. म्हणून ताईंना भरपूर आयुष्य मिळो, तब्येत ठणठणीत राहो. हे मागणं आम्हा सगळ्यांचं, आणि ते कुणीही न सुचवता, प्रॉम्प्टशिवाय केलेलं आहे.