सोमवारी झालेला अल्बम

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या सोमवारी, कोल्हापुरातल्या एका चौघांच्या रॉक बँडचा पहिला अल्बम इंटरनेटवर आला. शुक्रवारी तो काढून घेण्यात आला. काढायला लावणारे गृहस्थ बँडमध्ये नव्हते. अल्बमचं ध्वनिमुद्रण त्यांनी केलं होतं.

शाहूपुरीत त्यांना सगळे मामा म्हणत. मीही इथे तेवढंच म्हणतो. लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. कुस्त्यांचं मैदान, फुटबॉलचे सामने, जोतिबाच्या यात्रेत चुकलेल्या माणसांची पुकार. तुम्ही या भागातल्या गर्दीत कधी उभे राहिला असाल, तर त्यांचा कर्णा ऐकलेला आहे. कर्णा बांधून झाला की ते माइक दुसऱ्याच्या हातात देत आणि गर्दीतून वाट काढत पार टोकाला जात. तिथल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून विचारत, "पावणं, ऐकू येतंय न्हवं?" तो हो म्हणाला की मगच परतत.

बँडमधले चौघेही दुकानांत कामाला. गाणारी मुलगी मूळची गडहिंग्लजची, इथे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या पाटीजवळ उभी असे. एका कॉलेजच्या गॅदरिंगला ते मामांच्या स्पीकरवर वाजवून गेले. वायरी गुंडाळताना मामा तिला म्हणाले, गाणं चांगलं आहे, पण शब्द गिळतेस. तोवर तिच्या गाण्याबद्दल कुणी एवढं नेमकं बोललं नव्हतं. पुढच्या सोमवारी बँड त्यांच्या दारात हजर झाला.

मामांची खोली एका लेथच्या कारखान्यावर होती. भिंतींना त्यांनी वाकळा टांगल्या, खाली मांडवातले गालिचे अंथरले. सोमवारी बाजार बंद, लेथ बंद, आणि बँडलाही सुट्टी. त्यामुळे अल्बम फक्त सोमवारी झाला. असे बरेच सोमवार गेले.

त्यांची पद्धत मैदानातलीच होती. मुलीला माइकपुढे उभं करायचं, आवाज खिडकीतल्या स्पीकरवर सोडायचा आणि आपण जिना उतरून रिकाम्या चौकात जाऊन ऐकायचं. वर येऊन एकच निकाल. सूर पोचला, शब्द न्हाईत पोचलं, परत. एक ओळ तिने सबंध दुपारभर म्हटली. ड्रम वाजवणारा कंटाळून म्हणाला, "मामा, चौकातल्या कुत्र्यांचंबी गाणं पाठ झालं."

"मग त्यास्नीच घिऊया बँडात," मामा म्हणाले. "ती तरी शब्द गिळत न्हाईत."

मुलगी हसली नाही. तिने पुन्हा सुरुवात केली. घरी आरशासमोर तोंड उघडून सराव करते, असं तिने मला नंतर सांगितलं. गाण्यांचं मिश्रण करतानाही मामा तिच्या आवाजाची धार वाढवत राहिले, शब्द त्यांना स्वच्छ कळेपर्यंत.

अल्बम आला. मी आमच्या पेपरात त्यावर लिहिलं. गाणी अस्सल आहेत, ती इथल्याच माणसांची वाटतात, पण आवाज फार तीक्ष्ण आहे. 'स' आणि 'च' सुईसारखे टोचतात. हे गुरुवारी छापून आलं. दुपारी मामा कात्रण घेऊन कचेरीत आले. रागावलेले नव्हते. टोचतं म्हणजे कुठं ते दाखवा, एवढंच म्हणाले.

मी फोनवर गाणं लावलं. इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. ते गाणं ऐकत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. एका शब्दावर माझी पापणी मिटली. त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं, मागे घ्यायला लावलं. पुन्हा तोच शब्द, पुन्हा पापणी. तिसऱ्यांदा मी मिटू दिली नाही, पण त्यांना ते कळलंच.

"हितं मला काय आलंच न्हाई," मामा म्हणाले.

मग त्यांनी दुसरं गाणं लावायला सांगितलं, नंतर तिसरं. शेवटी इअरफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "पोरगी गिळत नव्हती की ओ. कान माझा गेलाय."

शुक्रवारी त्यांनी चौघांना बोलावलं. मला यायला सांगितलं ते लिहून घ्यायला नव्हे, साक्षीदार म्हणून. इतके सोमवार तुला बोललो ते खोटं होतं, असं त्यांनी मुलीला सर्वांसमोर सांगितलं. अल्बम इंटरनेटवरून काढून टाका, पुण्यात नेऊन नीट करून घ्या आणि माझं नाव पुसा, असंही सांगितलं. गिटारवाल्याला ते पटलेलं दिसलं. मुलीला पटलं नाही.

"आमच्याकडं लोक पाटी पाठ करून येतात, मामा," ती तिच्या गडहिंग्लजच्या बोलीत म्हणाली. "दिसत न्हाई म्हणून कोण सांगत न्हाई. तुम्ही सांगितला. पुण्याला कशाला जायचं? टोचलं की मी बोट वर करतो. तुम्ही बटण फिरवा."

अल्बम त्याच दिवशी इंटरनेटवरून काढून टाकला. पुढच्या सोमवारपासून ती मामांच्या शेजारी स्टुलावर बसू लागली. तिचं बोट वर झालं की मामा आवाजाच्या धारेचं बटण मागे फिरवत. बोट खाली येईपर्यंत. ड्रमचा ठोका, बेसचा भार, दोन वाद्यांमधली मोकळी जागा, हे सगळं मात्र त्यांचंच. त्यात तिने बोट उचललं नाही. चौकात जाऊन ऐकायचं कामही आता तिच्याकडे आलं. मामा खिडकीतून खाली विचारत, "पोचलं का गं चष्मेवाले?" ती मान हलवी.

आंब्याच्या दिवसांत अल्बम दुसऱ्यांदा आला. पुण्यातल्या एका कार्यक्रमात बँडला एकच गाणं दोनदा वाजवावं लागलं. मुंबईच्या एका समीक्षकाने लिहिलं की हा आवाज महागड्या स्टुडिओतला वाटत नाही, एका खऱ्या खोलीतला वाटतो. खालच्या लेथवाल्यांनी तो मंगळवार ते रविवार लावला. मी पेपरात दुसऱ्यांदा लिहिलं आणि आधीचं वाक्य मागे घेतलं.

श्रेयनामावलीवरून मात्र वाद झाला. मामा स्वतःचं नाव घालू देईनात, मुलगी तिचं. आपण नुसतं बोट उचललं, असं तिचं म्हणणं. मामांनी अखेर मान्य केलं, पण अट घातली आणि ती अट चौघांकडून सहीनिशी कागदावर घेतली. पहिल्या अल्बमवर ध्वनिमिश्रणाला मामांचं एकट्याचं नाव लागलं.

मामा यंदा फेब्रुवारीत गेले. तोवर दुसऱ्या अल्बमची पाच गाणी पुरी झाली होती. पाचही गाण्यांच्या मिश्रणाला अटीप्रमाणे त्या मुलीचं एकटीचं नाव आहे. तो कागद मी पाहिला आहे.